मधल्या चौकटींचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

यावल तालुक्यातील फैजपूरचे नाव निघाले की १९३६ साल आठवते. काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन त्या वर्षी २७ आणि २८ डिसेंबरला इथे झाले. अध्यक्ष होते पंडित जवाहरलाल नेहरू, अधिवेशनासाठी राबले धनाजी नाना चौधरी आणि त्यांचे सहकारी, आणि बांबू-तट्ट्यांच्या टिळकनगराची सजावट केली नंदलाल बोस यांनी. या अधिवेशनासाठी मुंबईहून एक मशाल आली. धावणाऱ्यांनी ती टप्प्याटप्प्याने एकमेकांच्या हाती देत फैजपूरला पोहोचवली. टप्पा ठरवता येतो. दोन टप्प्यांमधले अंतर मात्र कोणाला तरी पायांनीच कापावे लागते. आज दूरचित्रवाणीच्या एका यंत्राविषयी बोलायचे आहे. ते समजायला ही मशाल उपयोगी पडेल.

हे यंत्र म्हणजे व्हिडिओ स्विचर. लग्नाचे चित्रीकरण करणारे आपले लोक त्याला मिक्सर म्हणतात. अनेक कॅमेऱ्यांतून आलेल्या चित्रांपैकी कोणते दाखवायचे, एकातून दुसरे कसे उमलवायचे, हे त्यावर ठरते. वधूवरांचे चित्र बदामाच्या आकारात गिरक्या घेत पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसते ना, ती करामत याच जातीच्या यंत्रांची.

चित्र हलते दिसावे यासाठी आपल्याकडे सेकंदाला पंचवीस चौकटी दाखवतात. त्या प्रत्येक चौकटीचे काम कोणी करायचे, हा प्रश्न जुना आहे. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून एक छोटा चित्रपट केला. तिथे मधले काही दुसऱ्यावर सोपवलेले नव्हते. प्रत्येक चौकट त्यांनीच घेतलेली. पुढे व्यंगपटांच्या धंद्यात कामाची वाटणी झाली. मुख्य चित्रकार हालचालीतल्या मोक्याच्या अवस्था काढी, मधली चित्रे साहाय्यक भरत. त्या मोक्याच्या चित्रांना ‘की’ म्हणत. डिस्नेकडचे क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले, तेव्हा ही पद्धत आपल्या चित्रकारांच्या हाती आली. ‘द बनियन डियर’ (१९५७) हा व्यंगपट त्यातूनच तयार झाला.

स्टुडिओतल्या स्विचरला सुरुवातीला स्मरणशक्ती नव्हती. नॉब किती फिरवला, दांडा कुठे थांबवला, हे चालक कागदावर टिपून ठेवी आणि कार्यक्रमाच्या वेळी हाताने पुन्हा जुळवी. अमेरिकेतल्या ग्रास व्हॅली कंपनीने ‘ई-मेम’ नावाची सोय आणली आणि ही जुळवाजुळव एका बटणावर आली. यंत्रातली सगळी मांडणी एका क्रमांकावर साठवायची आणि तो क्रमांक दाबला की परत मिळवायची. इतकेच नव्हे, दोन साठवलेल्या मांडण्यांमधला प्रवासही यंत्र ठरलेल्या वेळात स्वतः पार पाडू लागले. दरम्यान क्वांटेल या इंग्रज कंपनीने अख्खी चौकट अंकांत साठवणारे यंत्र केले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये मैदानात शिरणारा धावक आणि त्याच पडद्यावर वेगळ्या चौकोनात मशाल, असे दृश्य त्यावरून दाखवले गेले. चित्र अंकांत आल्यावर ते लहान करणे, फिरवणे, उडवणे शक्य झाले.

मग कीफ्रेमची रीत रुळली. चित्र कोपऱ्यात लहान ठेवा, साठवा. मध्यभागी मोठे करा, साठवा. मधला अवधी दोन सेकंद सांगा. पन्नास चौकटींचा प्रवास यंत्र गणिताने भरते. चालकाने एक पथ्य मात्र पाळायचे. साठवलेला परिणाम पडद्यावर जाण्यापूर्वीच परत बोलवायचा. कारण बोलावताच मांडणी पहिल्या अवस्थेवर उडी घेते, आणि चित्र पडद्यावर असेल तर ती उडी घरोघरी दिसते. शिवाय आकाराबरोबर त्या दिवशी निवडलेला कॅमेराही परत येऊ शकतो. यंत्राला आठवते ते सगळे. त्यातले आज काय हवे, ते माणसानेच पाहायचे.

यंत्राने साहाय्यकाचे काम घेतले, याची खंत कोणाला वाटेल. पण त्याला हे काम जमते ते एकाच कारणाने: दोन टोके ठाऊक असली की मधले मोजून काढता येते. माणसांच्या इतिहासात ही सोय नाही. आपली पाठ्यपुस्तकेही कीफ्रेमच साठवतात. १८८५ ला मुंबई, १९३६ ला फैजपूर, १९४७ ला स्वातंत्र्य. मध्ये मशाल कोणत्या गावात थांबली, धावणाऱ्यांना कोणी भाकरी दिली, पुढच्या टप्प्यावर कोण वाट पाहत उभे होते, हे कोणत्याही गणिताने भरता येत नाही. ज्याने पाहिले त्याने सांगितले तरच ते उरते.

ती पिढी आता जवळजवळ संपली आहे. पण आजोबांनी सांगितलेल्या गोष्टी ऐकलेली मुले-नातवंडे सावदा, रावेर, यावल भागात असतील. लग्नाचे चित्रीकरण करणारी, हाती कॅमेरा असलेली तरुण मुलेही गावोगाव आहेत. त्यांनी लग्नसराई संपल्यावर एखादा दिवस काढून या मंडळींना बोलते करावे. अधिवेशनाची तारीख आणि अध्यक्षांचे नाव पुसले जाणार नाही. त्यामधल्या वाटेची काळजी आपल्याला घ्यायची आहे.