रणदिवे, कमल
(८ नोव्हेंबर १९१७ – ११ एप्रिल २००१). भारतीय कोशिकावैज्ञानिक व कर्करोग संशोधिका. स्तनाच्या कर्करोगाची कारणमीमांसा, ऊतकसंवर्धन (शरीरातून वेगळ्या केलेल्या कोशिकांची योग्य पोषक माध्यमात वाढ करण्याचे तंत्र) आणि कुष्ठरोगावरील लस यांसंबंधीच्या संशोधनाकरिता त्या प्रसिद्ध आहेत.

त्यांचा जन्म पुणे येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवविज्ञानाचे अध्यापक होते. कन्येने वैद्यकाचा अभ्यास करावा, अशी त्यांची इच्छा होती. तथापि कमलताईंनी वनस्पतिविज्ञान व प्राणिविज्ञान हे विषय निवडले. हुजूरपागेतील शालेय शिक्षणानंतर त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयातून बी.एस्‌सी. व पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम्‌.एस्‌सी. (१९४३) या पदव्या मिळविल्या. एम्‌.एस्‌सी.साठी त्यांनी सीताफळाच्या कुलातील वनस्पतींच्या कोशिका-आनुवंशिकीचा अभ्यास केला होता. १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या. टाटा स्मारक रुग्णालयात व. रा. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच्‌.डी. पदवी संपादन केली (१९४९). पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतकसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. मानवी कोशिकांचा ‘हेला’ हा सुप्रसिद्ध वंशक्रम १९५१ मध्ये याच प्रयोगशाळेत प्रस्थापित झाला.

भारतात परतल्यावर त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात (स्थापना १९५२) ऊतकसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. स्तनाच्या कर्करोगाची आनुवंशिक प्रवणता, हॉर्मोने (वाहिनीविहीन ग्रंथींतून सरळ रक्तात मिसळणारे उत्तेजक स्राव) व अर्बुदकारक व्हायरस यांचा परस्परसंबंध त्यांनी उंदरांच्या अंतःप्रजात वंशांवर प्रयोग करून तपासला. कर्करोग एकाच कारणाने न होता अनेक घटकांच्या संयोगाने होतो, या विचारास त्यामुळे बळकटी आली. १९६६–७० या काळात त्यांनी केंद्राच्या संचालकपदाची धुरा सांभाळली.

कुष्ठरोगाचा जंतू आर्माउअर हान्सेन यांनी १८७३ मध्ये शोधून काढला. परंतु तो कृत्रिम माध्यमात वाढत नसल्याने लस तयार करणे दुरापास्त झाले होते. १९५८ मध्ये रणदिवे, चं. वि. बापट व खानोलकर यांनी तीव्र प्रकारच्या कुष्ठरोग्याच्या गाठीतील द्रव्य मानवी भ्रूणाच्या तंत्रिका-गुच्छिकांच्या संवर्धनात घातले असता त्यातून अम्लस्थायी जंतू वाढीस लागले. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना ‘आयसीआरसी जंतू’ असे नाव मिळाले. हा कुष्ठरोगाचाच जंतू आहे काय, याविषयी तीव्र मतभेद झाले. पुढील अभ्यासात तो मायकोबॅक्टिरियम एव्हियम गटाच्या जवळचा असल्याचे दिसून आले. म्हणजे कुष्ठजंतूच्या संवर्धनाचा दावा टिकला नाही; मात्र या जंतूची व कुष्ठजंतूची काही प्रतिजने (प्रतिरक्षा-प्रतिक्रिया उद्दीपित करणारी द्रव्ये) समान आहेत, हे स्पष्ट झाले. तीव्र कुष्ठरोगात कुष्ठजंतूविरुद्धची कोशिकीय प्रतिरक्षा लोपलेली असते. ती पुन्हा जागृत करता येईल, या अपेक्षेने देव, बापट व त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅमा किरणांनी मारलेल्या आयसीआरसी जंतूंपासून लस तयार केली (सु. १९८०). दक्षिण भारतात चार लशींची तुलनात्मक चाचणी घेण्यात आली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार या लशीने सु. ६५ टक्के, तर केवळ बीसीजी लशीने सु. ३४ टक्के संरक्षण मिळाले. तथापि जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये शिफारस केलेल्या बहुऔषधी उपचारांमुळे रोगाचे प्रमाण झपाट्याने घटले व लशीचा सार्वत्रिक वापर झाला नाही. मूळ अनुमान चुकीचे ठरूनही त्यातून उपयुक्त फलित कसे हाती येते, याचे हे बोलके उदाहरण होय.

१९७३ मध्ये मुंबईत भारतीय स्त्री वैज्ञानिक संघ स्थापन करण्यात रणदिवे यांनी पुढाकार घेतला. निवृत्तीनंतर त्यांनी अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाविषयी काम केले. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला (१९८२).