नदीतून ऊब उपसणारं यंत्र

झुरिकचं सतराव्या शतकातलं नगरभवन लिमात नदीला अगदी खेटून उभं आहे. १९३८ साली तिथल्या जुन्या शेगड्या जाऊन हीट पंप आला. हिवाळ्यात नदीचं पाणी बोटं बधिर करतं, तरी त्यात उष्णता असतेच. त्याहून कमी तापमानाला उकळणारा द्रव त्या पाण्यालगतच्या नळ्यांतून फिरवला की उष्णता घेऊन त्याचा वायू होतो. कॉम्प्रेसरनं दाबला की तो तापतो आणि ती उष्णता इमारतीत फिरणाऱ्या पाण्याला देतो. झुरिकमध्ये हे पाणी ६० अंशांपर्यंत तापायचं. उन्हाळ्यात तोच पंप गारवा द्यायचा. २००१ पर्यंत तो चालला.

मूळ कल्पना मात्र १८५२ ची. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी इमारती तापवणं आणि गार करणं यांचा विचार एकाच निबंधात केला. कोळसा नुसता जाळण्यापेक्षा त्यावर इंजिन चालवून बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणली तर कितीतरी जास्त ऊब मिळेल, हे त्यांनी गणितानं दाखवलं. १९१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या हाइन्रिश झोली यांनी जमिनीतून उष्णता घेण्याचं पेटंट घेतलं. त्या देशाकडे कोळसा नव्हता, पाण्यावरची वीज होती. दुसऱ्या महायुद्धात कोळशाची आयात आटली, तेव्हा झुरिकमध्ये असे आणखी पंप बसले.

या वंशावळीत मला सर्वांत मोलाची वाटते ती न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कची इमारत. फ्रँक ब्रिजर्स आणि डॉन पॅक्स्टन या इंजिनिअरांनी १९५६ मध्ये आपलंच ऑफिस बांधलं. दक्षिणेची तिरकी काचेची भिंत उन्हानं पाणी तापवी, ते जमिनीखालच्या टाकीत साठे. ऊन असेल तर त्या पाण्यावरच खोल्या उबदार राहत. आभाळ आलं आणि टाकी कोमट झाली, की तिच्यातली उरलेली उष्णता हीट पंप ओढून घेई. सूर्य आणि पंप यांनी एकमेकांची उणीव भरून काढायची, ही जोडणी इतक्या आधी झाली होती! पण काही वर्षांतच तिथे साधा बॉयलर बसला. १९७३ च्या तेलसंकटानंतर जुनी योजना पुन्हा सुरू झाली.

त्याच संकटाच्या धड्यातून स्टॉकहोमनं बाल्टिक समुद्राचं पाणी वापरायला घेतलं. नेदरलँड्समधलं हेर्लेन तर बंद पडलेल्या, पाण्यानं भरलेल्या कोळसा खाणींतून ऊब आणि गारवा दोन्ही घेतं.

इंधन स्वस्त झालं की हे यंत्र विसरायचं, महागलं की शोधायचं, असं वारंवार चाललं आहे. आपल्याकडेही मोठ्या हॉटेलांत एसी उष्णता बाहेर फेकतो आणि त्याच वेळी अंघोळीच्या पाण्यासाठी बॉयलर जळत असतो. नवी इमारत बांधणाऱ्यांनी नकाशा काढतानाच ही दोन कामं एकमेकांना जोडून घ्यावीत.