मेंदू सुजायच्या आत

जयपूरच्या चारदीवारीत, म्हणजे तटबंदीतल्या जुन्या शहरात, जुन्या नळांत गटाराचं पाणी मिसळलं, की हिपॅटायटिस ई घरात शिरू शकतो. बहुतेकांची कावीळ आपोआप बरी होते. शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर बाईला मात्र हा विषाणू जिवावर बेततो. चार-पाच जणींत एक दगावू शकते. पुढे येणारी गरोदर बाई काल्पनिक आहे, तास ढोबळ आहेत, क्रम मात्र आजाराचाच.

प्रत्यारोपणाची संधी संपायला ९६ तास उरले. चारदीवारीतलं रामगंज. डोळे पिवळे, अन्न नकोसं. घरात ठरतं, आधी पीलिया, म्हणजे कावीळ, मंत्राने झाडून आणू. दिवस जातो.

६० तास. रात्रभर जागी, दिवसा पेंगते. भाजीत दोनदा मीठ घालते, नणंदेचं नाव चुकते. दमली असेल म्हणून सगळे तिला झोपू देतात. अमोनियाचा युरिया करण्याचं काम यकृताने सोडलेलं असतं आणि तो अमोनिया मेंदूत पोचलेला असतो. सगळ्यात मोलाचे तास इथेच, मायेपोटी, हातचे जातात. कावीळ झालेलं माणूस बरळलं, की त्याच क्षणी गाडी काढावी.

४८ तास. चांदपोलचं जनाना रुग्णालय. रक्त नीट गोठत नाही; गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप, आयएनआर, दीडच्या वर. साखर घसरलेली. तिथून मोठ्या आयसीयूकडे.

३६ तास. प्लाझ्मा एक्स्चेंज: रक्तातला द्रवभाग काढून दात्यांचा भरायचा. यकृत अचानक निकामी झालेल्या १८२ रुग्णांच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या उपचाराने सुमारे ५९ टक्के वाचले, त्याविना ४८ टक्के. जर्मनीत रोस्टॉकला घडवलेलं ‘मार्स’ यंत्र पडद्यापलीकडच्या अल्ब्युमिनवर विषं ओढून घेतं. दोन्ही उपाय वेळ मिळवण्यासाठी. तेवढ्यात यकृत पुन्हा वाढलं तर उत्तमच.

२४ तास. नाही वाढलं, तर प्रत्यारोपण. २०१३च्या फ्रेंच चाचणीत १०२ रुग्णांमध्ये ‘मार्स’चा फायदा सिद्ध झाला नाही. प्रत्यारोपण झालेल्यांपैकी निम्म्यांना यादीत नाव लागल्यावर सोळाएक तासांतच यकृत मिळालं होतं, त्यामुळे यंत्राची परीक्षा नीट झालीच नाही. आपल्याकडे मात्र यकृताचा तुकडा बहुधा नवरा, भाऊ, बहीण देतात. दात्याचा रक्तगट, स्कॅन, कागदपत्रं... हे ४८व्या तासालाच सुरू व्हायला हवं होतं.

१० तास. डोळ्याची एक बाहुली मोठी, प्रकाशाला दाद देत नाही.

० तास. सुजलेला मेंदू कवटीत मावत नाही, खाली मणक्याकडे सरकतो. आता दाता तयार असला तरी शस्त्रक्रिया होत नाही.