पडदा बंद झाल्यावर

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ प्रयोगाने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरदर्शन कार्यक्रम पोहोचवले. त्यातच सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण मिळाले. एवढ्या शिक्षकांना एका जागी बोलावणे अशक्यच. पण पडदा एकतर्फी बोलतो; शंका ऐकून घेत नाही. म्हणून दूरदर्शनच्या जोडीला आकाशवाणी, छापील साहित्य, गटचर्चा आणि हाताने करायचे प्रयोग असा संच होता. वर्ष संपताच अमेरिकेने आपला एटीएस-६ उपग्रह हलवला. प्रयोग मात्र शिक्षकांजवळ राहू शकत होते. वर्गासाठी साधन निवडताना आम्हांला हाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो : पडदा बंद झाल्यावर मुलांच्या हातांना काय काम उरते?