मोदक, कातंत्र आणि हौसेची संगणकभाषा

मनमाड–परभणी लोहमार्गावरील सेलूसारख्या गावी, दिवसाचे दफ्तर मिटल्यानंतरच्या फावल्या वेळात, केवळ हौसेखातर एखादी छोटी संगणकभाषा रचू पाहणाऱ्या गृहस्थास तिची कुळकथा विचारली, तर तो ठरलेली वंशावळ सांगेल: 1957 ची फोर्ट्रान, 1960 ची अल्गोल, 1964 ची बेसिक. ही वंशावळ खरी आहे. परंतु या कुळाचे मूळपीठ माझ्या मते आपल्याच गोदाकाठी, पैठणास आहे.

सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तील कथा प्रसिद्ध आहे. जलक्रीडेत राणीने पैठणच्या सातवाहन राजास ‘मा उदकैः’, म्हणजे पाण्याने मारू नका, असे विनविले. संधीमुळे राजाच्या कानी ‘मोदकैः’ पडले आणि त्याने मोदक आणविण्याचा हुकूम सोडला. लज्जित राजास व्याकरण शिकविण्यासाठी दरबारी पंडित गुणाढ्याने सहा वर्षांची मुदत मागितली. दुसऱ्या पंडिताने, शर्ववर्म्याने, सहा महिन्यांची पैज घेतली आणि कार्तिकेयाच्या प्रसादाने कातंत्र व्याकरण सिद्ध केले.

राजाची चूक पदच्छेदाची होती, आणि भाषाकाराचे पहिले कामही पदच्छेदाचेच असते: सलग अक्षरे तोडून त्यांची टोकने पाडावयाची. हे काम करणारा लेक्सर बहुधा जुळेल तितके लांब पद उचलतो. म्हणूनच सी भाषेत ‘क+++ख’ लिहिले असता पहिली दोन चिन्हे एकत्र जाऊन ‘क++ + ख’ असाच छेद होतो. असा लेक्सर ‘मोदकैः’ पाहून राजाप्रमाणे मोदकच मागवील. जुनी फोर्ट्रान तर मधल्या रिकाम्या जागा जमेसच धरीत नसे; त्यामुळे ‘डू 10 आय = 1,10’ यातील स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडताच आवर्तनाचा आदेश नाहीसा होऊन ‘डू10आय’ नावाच्या चलात 1.10 ही किंमत भरली जाई.

या मताचा प्रतिस्पर्धी बलवान आहे. बॅकसने अल्गोलसाठी योजलेल्या व्याकरणलेखनपद्धतीस ‘पाणिनी-बॅकस’ म्हणावे, अशी सूचना पीटर इंगरमन यांनी 1967 मध्ये केली, आणि तेव्हापासून कुळपुरुषाचा मान पाणिनीकडे जातो. पाणिनीविषयीचा माझा आदर अणुमात्र उणा नाही. परंतु ‘इति’ आणि ‘आदि’ यांचे ‘इत्यादि’ करताना त्याचा नियम षष्ठीने स्थानी, प्रथमेने आदेश आणि सप्तमीने पुढील स्वर सांगतो, म्हणजे शेजार पाहूनच बदल करतो. बॅकसच्या नियमात डावीकडे एकटेच पद असते आणि शेजाऱ्याची चौकशी नसते. शिवाय बॅकसने ऋण मान्य केले ते गणिती एमिल पोस्टचे.

हौसेच्या भाषेचे कातंत्राशी नाते मला प्रयोजनात दिसते. पाणिनीची सुमारे चार हजार सूत्रे जाणत्यांसाठी आहेत. शर्ववर्म्याने प्रत्याहारांचे सांकेतिक जाळे टाकून ‘स्वर’, ‘व्यंजन’ ही परिचित नावेच वापरली आणि आवश्यक तेवढेच ठेवले. ही नावे पाणिनीपूर्व ऐंद्र परंपरेची, हे संस्कृतज्ञ बर्नेल यांचे 1875 मधील मत स्वीकारले तरी माझ्या पक्षास बाध येत नाही, कारण जुन्यातून नवशिक्यास पेलेल असे वेचणे हीच तर छोट्या भाषेची कला. काश्मीर, बंगाल व तिबेटपर्यंत कातंत्र गेले ते याच सुलभतेमुळे.

शर्ववर्म्याने आपल्या ग्रंथात संधिप्रकरण सर्वांत आधी ठेवले आहे. सेलूत किंवा अन्यत्र जो कोणी नवी भाषा रचावयास बसेल, त्याने लेक्सरची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी ते प्रकरण अवश्य वाचावे.