कामगारांची निवासस्थिती-पडताळणी
कामावर घ्यावयाची व्यक्ती कोठली, ती त्या राज्याची वा देशाची कायदेशीर रहिवासी आहे किंवा नाही, याविषयी मालकाने करावयाची चौकशी आणि त्या चौकशीवर राज्यसंस्थेने घातलेल्या मर्यादा. भारतात या मर्यादा एकाच कायद्यात ग्रथित झालेल्या नाहीत. संविधान, कामगारविषयक कायदे व न्यायनिर्णय यांतून त्या हळूहळू आकारास आल्या.

ब्रिटिश अमदानीत अशी तपासणी मुख्यतः शासनच करीत असे. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्यान्वये मुंबई इलाख्यात अनेक जमातींची नोंदणी झाली. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील वसाहतीतून गिरण्यांत कामास जाणाऱ्या माणसाला हजेरी चुकविता येत नसे आणि परवान्यावाचून बाहेरगावी जाता येत नसे. कामगाराची ओळख ही येथे त्याच्यावरील संशयाचीच नोंद होती. हा कायदा मुंबई राज्यात १९४९ मध्ये व देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला.

संविधानाच्या अनुच्छेद १६ ने शासकीय नोकरीत निवासस्थानावरून भेदभाव करण्यास मनाई केली; अपवाद करण्याचा अधिकार फक्त संसदेला ठेवला. खाजगी मालकांना मात्र हा अनुच्छेद लागू नाही. या मोकळ्या जागेत ‘भूमिपुत्र’ धोरण वाढले. १९६६ मध्ये शिवसेनेची स्थापना झाल्यानंतर मुंबईत या मागणीला जोर चढला. महाराष्ट्र शासनाच्या १७ नोव्हेंबर २००८ च्या निर्णयानुसार उद्योगांत पर्यवेक्षकीय पदांपैकी ५० टक्के व इतर पदांपैकी ८० टक्के पदे स्थानिकांना द्यावयाची होती. म्हणजे मालकाने अर्जदाराचा रहिवास पाहावा, अशीच शासनाची अपेक्षा होती. हरियाणाने तर खाजगी क्षेत्रातील ३०,००० रुपयांपर्यंतच्या मासिक वेतनाच्या ७५ टक्के नोकऱ्या कायद्यानेच राखून ठेवल्या. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने १७ नोव्हेंबर २०२३ रोजी तो कायदा घटनाबाह्य ठरविला. तत्पूर्वी २०१४ मध्ये चारू खुराणा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या चित्रपटव्यवसायातील रंगभूषाकारांच्या संघटनेची, सदस्यत्वासाठी महाराष्ट्रात पाच वर्षांच्या निवासाची अट रद्द केली होती. स्त्रियांना रंगभूषाकार म्हणून नाकारणारा नियमही त्याच निर्णयाने गेला. त्यामुळे या निर्णयातील निवासाचा भाग काहीसा दुर्लक्षितच राहिला.

परदेशी नागरिकत्वाचा प्रश्न निराळा आहे. १९४६ च्या परदेशी व्यक्ती कायद्याने आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या व्यक्तीवरच टाकला होता. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानेही तो तसाच ठेवला. मालक सामान्यतः मागतात ते आधारपत्र. परंतु २०१६ च्या आधार कायद्याप्रमाणे ते नागरिकत्वाचा वा अधिवासाचा पुरावा नाही. खाजगी संस्थांना आधारची मागणी करू देणारी त्यातील तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केली.

अमेरिकेत १९८६ च्या संघीय कायद्याने कागदपत्रांची तपासणी मालकांवर बंधनकारक केली. तेथील इलिनॉय राज्याने २००७ मध्ये, संगणकीय नोंदींतील चुका वेळेत निस्तरल्या जाईपर्यंत मालकांनी संघीय पडताळणी-यंत्रणा वापरू नये, असे ठरविले; २००९ मध्ये संघीय न्यायालयाने ती बंदी अवैध ठरविली. कॅलिफोर्नियाच्या २०१७ च्या कायद्यातील, तपासणीची सूचना कामगारांना देण्याचे कलम टिकले. फेरपडताळणीवरील निर्बंधास मात्र न्यायालयाने स्थगिती दिली. भारतात मालकाला आवरण्याविषयी असा थेट कायदा झाला नाही.

कागदावाचून होणारी पडताळणी पाहावयाची तर मोडनिंब (ता. माढा, जि. सोलापूर) परिसर उद्‌बोधक आहे. पुणे–सोलापूर महामार्ग व कुर्डुवाडी–पंढरपूर लोहमार्ग यांवरील हे गाव. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाल्यावर या भागात उसाचे क्षेत्र व साखर कारखाने वाढले आणि बीडकडील ऊसतोड कुटुंबे हंगामात येऊ लागली. त्यांची पारख करतो तो मुकादम : पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’, आगाऊ दिलेली रक्कम म्हणजे ‘उचल’, आणि हिशेब त्याच्या वहीत. कोणाचे गाव कोणते, मागील उचल फिटली का, हे त्याला ठाऊक असते. पण ती वही मजुराच्या हाती नसते.

१९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने हाच क्रम उलटा केला होता. नोंदणीचे बंधन मालकावर व परवान्याचे कंत्राटदारावर होते. छायाचित्र असलेली, वेतनदर, कपाती व परतीचे भाडे नमूद केलेली पुस्तिका मजुराला द्यावी लागे. ओळखपत्र येथे मजुराला अडविण्यासाठी नव्हे, तर त्याला हक्क मागता यावा म्हणून होते. परंतु कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरताच होता. बीडहून कर्नाटकातील कारखान्यावर नेलेली टोळी त्यात येई. तीच टोळी माढ्यात उतरली की ती बाहेर राही. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने तो कायदा निरसित केला. स्वतःहून परराज्यात गेलेल्या कामगारांनाही संहितेने व्याख्येत घेतले, मात्र लागू होण्याची कामगारसंख्येची मर्यादा पाचावरून दहावर नेली. सीमेची अट कायम आहे. त्यामुळे राज्यांतर्गत ऊसतोड मजुराचा हिशेब आजही मुख्यतः मुकादमाच्या वहीतच राहतो.