रामाकोना : सोडून दिलेला पाळीव कुत्रा, निवारा आणि कायदा

पांढुर्णा जिल्ह्यातील सौंसर तालुक्यात, नागपूर–छिंदवाडा मार्गावर रामाकोना हे गाव आहे. अशा रस्त्याकाठच्या गावात गळ्यात पट्टा असलेला कुत्रा एकटाच फिरताना दिसला, तर त्याला मोकाट समजून हाकलू नये. गल्लीतल्या कुत्र्याला खायला कुठं मिळतं हे ठाऊक असतं. घरात वाढलेल्याला ते जमत नाही, वाहनंही चुकवता येत नाहीत.

दोघांसाठी वाट वेगळी आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी करून, रेबीजची लस टोचून, त्याला पकडल्या जागीच परत सोडतात. पाळीव कुत्र्याचा मालक शोधायचा. नाही सापडला तर तपासणी, लस, नसबंदी करून नवं घर मिळवून द्यायचं. हे निवारा केंद्राचं खरं काम. विदर्भात वर्ध्याजवळ पिपरी (मेघे) इथं पीपल फॉर ॲनिमल्सचं ‘करुणाश्रम’ आहे. तिथं जखमी, निराधार प्राण्यांवर उपचार होतात.

भुकेनं-तहानेनं हाल होतील असं जनावर सोडून देणं हा १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड मात्र १० ते ५० रुपयेच! त्यामुळे धाक कायद्यापेक्षा गावाचाच हवा.

आजारी, जखमी जनावरासाठी १९६२ हा नंबर मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र, दोन्हीकडे चालतो. कुत्रा चावला, तर जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.